पाचांचा पेला : महालक्ष्मीची डर्बी आणि नाशिकचे द्राक्ष

नाशिकमधून निघणाऱ्या स्मरणिकेत मुंबईच्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. या प्रश्नाचे उत्तर फेब्रुवारी महिन्याच्या पहिल्या रविवारी सापडते. त्या दिवशी दुपारी महालक्ष्मीच्या हिरवळीवर इंडियन डर्बी धावते. देशभरातल्या पागांनी वर्षानुवर्षे जिची वाट पाहिलेली असते, ती ही शर्यत. त्याच दिवशी पहाटे दिंडोरी, निफाड आणि गंगापूर धरणाच्या परिसरातल्या बागांत मजूर बायका कात्री आणि क्रेट घेऊन उतरलेल्या असतात, कारण वाइनच्या द्राक्षांची तोड ऐन भरात आलेली असते. कसारा घाटाच्या वर आणि खाली एकाच आठवड्यात दोन हंगाम शिगेला पोहोचतात. तरीही डर्बीच्या परंपरेत नाशिकच्या द्राक्षाला मानाचे, नावानिशी ठरलेले स्थान अजून मिळालेले नाही. ते मिळावे असे मनापासून वाटते, म्हणून या संस्थेचा आणि तिच्या पेल्याचा हा इतिहास.

भायखळ्याहून महालक्ष्मीला

मुंबईत घोड्यांच्या शर्यती अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाल्या. त्या काळी मैदान भायखळ्याला होते. एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बॉम्बे टर्फ क्लब उभा राहिला आणि शर्यतींना नियम, वेळापत्रक आणि पंच मिळाले. धावणारे घोडे बहुतेक अरबी असत. इराणी आखाताकडून ते जहाजांनी मुंबई बंदरात उतरत आणि शहरातल्या अरब सौदागरांच्या तबेल्यांत त्यांचा बाजार भरे. इराणातून आलेले पहिले आगाखान मुंबईत स्थायिक झाले, तेव्हा त्यांनीही इथे घोडे पळवले. त्यांच्याच घराण्यातल्या तिसऱ्या आगाखानांनी पुढे इंग्लंडची एप्सम डर्बी पाच वेळा जिंकली.

शहर वाढले, भायखळा दाटीवाटीचा झाला आणि १८८३ मध्ये शर्यती महालक्ष्मीला आल्या. ही जमीन समुद्राकडून मिळवलेली आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीची खाडी बुजवणारा हॉर्नबी वेलार्ड बांधला गेला. बांध वारंवार ढासळत होता, तेव्हा रामजी शिवजी प्रभू यांच्या स्वप्नात देवी आली, समुद्रातून मूर्ती निघाल्या आणि त्यानंतर बांध टिकला, अशी आख्यायिका मुंबईत आजही सांगतात. त्या देवीचेच नाव मैदानाला मिळाले. जवळच महालक्ष्मीचे मंदिर आणि पाण्यातला हाजी अलीचा दर्गा, आणि इथे २,४०० मीटरची लंबवर्तुळाकार धाव, असे हे ठिकाण आहे.

पुण्यातल्या कॅम्पचे मैदान याहून जुने, १८३० चे. पावसाळ्यात शर्यती पुण्याला आणि थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत मुंबईला, असा दुहेरी संसार क्लबने आजवर सांभाळला आहे. बॉम्बे टर्फ क्लबचा पुढे वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब झाला. १९३५ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या परवानगीने त्याच्या नावापुढे ‘रॉयल’ लागले. स्वातंत्र्यानंतरही क्लबने ते नाव ठेवले. महालक्ष्मीचे जुने सज्जे आज वारसा वास्तू म्हणून जपले जातात.

पहिली डर्बी आणि कवळाण्याचे नाते

डर्बी हे नाव इंग्लंडच्या बाराव्या अर्ल ऑफ डर्बी यांच्यावरून आले. एप्समची पहिली डर्बी १७८० ची. भारतात मात्र देशातच जन्मलेल्या घोड्यांसाठी अशी शर्यत सुरू व्हायला १९४३ साल उजाडले. दुसऱ्या महायुद्धात जहाजे गुंतलेली होती, बाहेरून घोडे आणणे अवघड झाले होते आणि देशी पैदाशीला मान द्यायची हीच वेळ होती. आरंभी तिला ‘कंट्री ब्रेड डर्बी’ म्हणत. पहिली डर्बी प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली. जॉकी होता ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट आणि मालक होते बडोद्याचे महाराज प्रतापसिंहराव गायकवाड.

इथे नाशिककरांनी क्षणभर थांबायला हवे. प्रतापसिंहरावांचे आजोबा सयाजीराव महाराज हे आपल्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावचे. १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीवर दत्तक जाण्यापूर्वी ते गोपाळराव या नावाने त्या गावात गुराढोरांत आणि शेतशिवारात वाढले. प्रतापसिंहरावांनी १९४५ मध्ये इंग्लंडमध्ये २८,००० गिनी मोजून एक वर्षाचे शिंगरू घेतले. एवढी किंमत तोवर कोणत्याही शिंगराला मिळाली नव्हती. त्याला त्यांनी आजोबांचे नाव दिले : सयाजीराव. १९४७ मध्ये ‘सयाजीराव’ने आयरिश डर्बी आणि इंग्लंडची सेंट लेजर जिंकली. सेंट लेजरला खोगिरावर तोच एडगर ब्रिट होता. म्हणजे भारतीय डर्बीच्या पहिल्या पानावरच नाशिक जिल्ह्यातल्या एका गावाची सावली पडली आहे. येवल्याचा घोडेबाजार आणि तापीकाठच्या सारंगखेड्याची दत्तजयंतीची घोडेयात्रा जवळून पाहणाऱ्या आपल्या मुलखाला हे नाते परके वाटू नये.

मैदानातली माणसे

घोडा डर्बी आयुष्यात एकदाच धावू शकतो. ही शर्यत फक्त चार वर्षांच्या घोड्यांसाठी असते. पुढच्या वर्षी वय उलटून गेलेले असते. त्यामुळे डर्बीपर्यंत पोहोचणे हीच पागेची मोठी कमाई मानतात. त्या कमाईतला पहिला वाटा सईसाचा, म्हणजे आपल्या जुन्या भाषेतल्या मोतद्दाराचा. पहाटे अंधारात उठून खरारा करणे, चंदी मोजून घालणे, पाय चाचपून कुठे ऊब किंवा सूज आहे का ते पाहणे, ही कामे त्याची. घोडा खाणे सोडतो तेव्हा त्याचा सईसही जेवत नाही, हे पागांमध्ये फिरलेल्या कोणालाही ठाऊक असते. सूर्य उगवण्याआधी घोडे धाव घेऊन परततात. त्यांच्या अंगातून वाफ निघत असते आणि कुंपणाशी सईसांच्या हातात चहाचे छोटे पेले असतात. या मैदानातले सर्वांत जुने आणि सर्वांत प्रामाणिक पेय कोणते, असे विचारले तर मी या चहाचे नाव घेईन.

जॉकींमध्ये वसंत शिंदे यांचे नाव मराठी माणसाने अभिमानाने घ्यावे. रशीद बैरामजी यांनी तयार केलेला स्क्वांडरर हा घोडा १९ शर्यतींत धावला, त्यातल्या १८ जिंकला आणि एकदाच दुसरा आला. १९७६-७७ च्या मोसमात त्याने डर्बीसह तिहेरी मुकुट मिळवला आणि त्याच्या खोगिरावर शिंदे होते. पुढच्या पिढीत पेसी श्रॉफ यांनी आधी जॉकी म्हणून आणि नंतर प्रशिक्षक म्हणून डर्बीवर आपला ठसा उमटवला.

या मैदानाच्या ऋणातून आणखी एक मोठे काम उभे राहिले. पुण्याजवळ पूनावाला घराण्याने १९४६ मध्ये पैदास केंद्र सुरू केले. शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे तिथून परळच्या हाफकिन संस्थेला जात, कारण धनुर्वात आणि सर्पदंश यांवरचे औषध घोड्याच्या रक्तातील द्रवापासून तयार होई. आपल्याच घोड्यांपासून हे औषध आपणच का करू नये, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट निघाली. आज जगातल्या असंख्य बालकांना टोचल्या जाणाऱ्या लशींची कुळकथा अशी पागेत सुरू होते.

डर्बीचा दिवस

डर्बीच्या दिवशी घोडे आधी रिंगणात फिरवले जातात. जाणकार तिथेच कठड्याला टेकून उभे राहतात. चाल मोकळी आहे का, कान कसे आहेत, घाम अवेळी फुटला आहे का, हे ते बघतात. रंगीत रेशमी सदऱ्यांतले जॉकी खोगिरासह वजनकाट्यावर चढतात आणि शर्यत संपल्यावर पुन्हा काट्यावर येतात. वजन जुळले तरच निकाल कायम होतो. सज्ज्यांत पैठणी आणि कांजीवरम यांच्या शेजारी मोठ्या काठाच्या टोप्या दिसतात. स्त्रियांच्या टोप्यांची ही चाल इंग्लंडच्या अॅस्कॉटवरून आली, तरी महालक्ष्मीला साडीवर टोपी घालणारी बाई जितकी सहज वावरते तितकी ती इतर कुठे दिसत नाही. मग २,४०० मीटर, अडीच मिनिटे आणि शेवटच्या वळणानंतर सज्जा एकदम उभा राहिल्याचा आवाज. जिंकलेल्या घोड्याचा लगाम हातात धरून मालक त्याला आत आणतो. त्या चालीत मालकाचे डोळे घोड्यावर असतात आणि घोड्याची नजर सईसाला शोधत असते.

याच मैदानावर लोकांनी पगार घालवले आहेत, घरे मोडली आहेत. गिरणगावातल्या अनेक कुटुंबांनी रविवारच्या रेसची झळ सोसली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा दिला. तो घोडा, जॉकी आणि प्रशिक्षकाच्या कौशल्याचा गौरव आहे. खिसा रिकामा करणाऱ्याला त्यातून आधार मिळत नाही. संस्थेचा इतिहास लिहिताना तिच्या दारात झालेले दुःख वगळणे मला योग्य वाटत नाही.

पेल्याचा इतिहास

जगातल्या काही मोठ्या शर्यतींना स्वतःचे पेय असते. अमेरिकेत केंटकी डर्बी १८७५ पासून धावते. तिथे मिंट ज्यूलेप पितात : त्याच प्रांतात मक्यापासून गाळलेली बर्बन, साखर, ताजा पुदिना आणि चुरलेला बर्फ. १९३८ च्या सुमारास रेसकोर्सने त्यासाठी आठवणीचे पेले सुरू केले आणि लोक ते पिढ्यान्पिढ्या घरात मांडून ठेवू लागले. आता डर्बीच्या दोन दिवसांत तिथे सव्वा लाखाच्या आसपास ज्यूलेप खपतात. मेरीलँडच्या प्रीकनेस शर्यतीचे पेय त्या राज्याच्या फुलाच्या नावाने ओळखले जाते. या सगळ्यांत एक समान धागा आहे. पेयात किंवा त्याच्या नावात त्या मातीची खूण असते आणि ते एका ठरलेल्या दिवसाशी बांधलेले असते. वर्षातून एकदा, सर्वांनी मिळून, तेच पेय. परंपरा एवढ्यावरच उभी राहते.

अशा पेयांच्या जगातले दोन शब्द आपल्याला अनोळखी नाहीत. ज्यूलेप म्हणजे मूळचा फारसी ‘गुलाब’, गुलाबपाणी. तो अरबीत ‘जुलाब’ झाला. औषध गोड करून घेण्यासाठी जे सरबत देत त्याला हे नाव होते आणि रेचकही त्यातूनच देत, म्हणून मराठीत त्या शब्दाला आजचा अर्थ चिकटला. तोच शब्द युरोपमार्गे अटलांटिक ओलांडून केंटकीला पोहोचला.

दुसरा शब्द ‘पंच’. इंग्रजांच्या मेजवान्यांतला हा पेयाचा मोठा कटोरा आपल्या किनाऱ्यावरून तिकडे गेला. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर मुंबईला आला होता. गोव्याकडच्या नेरूळच्या माडीच्या दारूपासून इंग्रज लोक जे पेय करतात, त्याला पाच जिनसांवरून हे नाव पडले, असे त्याने नोंदवून ठेवले आहे. दारू, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला अशा त्या पाच जिनसा मानतात. आपला ‘पाच’ हा आकडा असा जगभर पेयाचे नाव होऊन फिरला. ज्या पेयाने दूरदेशीच्या मेजवान्या रंगल्या, त्याचा उगम आपल्याच पश्चिम किनाऱ्यावरचा मानतात.

दारूबंदीतली डर्बी

मग इंडियन डर्बीचे स्वतःचे पेय का नाही? याचे कारण तिच्या जन्मकाळात आहे. १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० च्या एप्रिलमध्ये पूर्ण दारूबंदी आली. डर्बी तेव्हा सात वर्षांची होती. कोणत्याही सोहळ्याच्या चालीरीती ज्या वयात ठरतात, नेमक्या त्या वयात तिच्या सज्ज्यात उघडपणे पेला उचलणे शक्य नव्हते. परवानाधारकांचा अपवाद होता, पण परवान्यावर प्यायलेल्या पेयाची लोकपरंपरा होत नाही. सोडा, लिंबूपाणी, मुंबईच्या पारशी कारखान्यांतले रासबेरी आणि चहा यांवर ती वर्षे गेली. कायदा पुढे सैल झाला, तरी आजही त्याच कायद्याखाली मद्य पिण्यासाठी परवाना लागतो.

१९८० च्या दशकापासून एका मोठ्या मद्य कंपनीने डर्बीला आश्रय दिला. बरीच वर्षे ‘मॅक्डॉवेल इंडियन डर्बी’ हेच तिचे नाव होते. पुढे बिअरच्या नाममुद्रेनेही ती ओळखली गेली आणि अलीकडच्या वर्षांत पूनावाला घराण्याचे नाव तिला जोडले गेले. या आश्रयामुळे बक्षिसाची रक्कम वाढली, डर्बीचा झगमगाट वाढला, गावोगावी तिचे नाव पोहोचले. त्याबद्दल कृतज्ञता हवीच. परंतु करार संपला की बाटलीचे नाव बदलते. केंटकीचा पुदिना कोणत्याही कराराने बदलत नाही, कारण तो तिथल्या मातीत उगवतो. महालक्ष्मीच्या पेल्यात अजून आपली माती उतरलेली नाही.

द्राक्षतोडीचा आठवडा

ती माती नाशिकला आहे. आपल्याकडे द्राक्षवेलीला हिवाळ्याची लांब झोप नसते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि त्यातून पुढच्या वर्षाची काडी तयार होते. पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी होते आणि त्यातून फळ येते. थंडीत रात्री गारवा आणि दिवसा ऊन मिळाले की मण्यांत साखर भरते, पण आंबटपणाही टिकतो. जानेवारी ते मार्च ही वाइनच्या द्राक्षांची तोड. फेसाळ वाइनसाठी तोड आधी होते, कारण तिला आंबटपणा जास्त लागतो. तोडही पहाटेच करतात, म्हणजे घड थंड राहून कारखान्यात पोहोचतो.

या पिकाला पेल्यापर्यंत नेण्याचा प्रवास फार जुना नाही. १९८० च्या दशकात नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ वाइन केली आणि भारतीय द्राक्षातून जगाच्या मेजावर जाईल असे काही होऊ शकते हे दाखवले. राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये गंगापूर धरणाजवळच्या आपल्या जमिनीत सोव्हिन्यॉ ब्लांक आणि शेनिन ब्लांक लावले. आई सुलभा यांच्या नावावरून ‘सुला’ हे नाव आले आणि २००० मध्ये पहिली बाटली बाजारात आली. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया धोरण आणले, त्यातून विंचूरला वाइन पार्क झाले. पुढे फ्रान्सच्या शँपेनवाल्या मोएत हेनेसीने दिंडोरीला कारखाना काढला आणि २०१३ मध्ये तिथली फेसाळ वाइन बाजारात आणली. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ज्या फेसाळ वाइनसाठी लोक फ्रान्सकडे पाहतात, तशी वाइन आपल्या जिल्ह्यात तयार होते.

आज आणि उद्या

महालक्ष्मीच्या जमिनीचा १९१४ पासूनचा ९९ वर्षांचा करार २०१३ मध्ये संपला. त्यानंतर अनेक वर्षे हे मैदान राहणार की जाणार, ही चिंता होती. २०२४ मध्ये निर्णय झाला : २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेच्या उद्यानासाठी आणि ९१ एकर क्लबकडे. धाव टिकली आणि तिच्याभोवती मुंबईच्या सामान्य माणसाचे उद्यान येणार आहे. म्हणजे यापुढची डर्बी सज्ज्यातल्या निमंत्रितांइतकीच कुंपणाबाहेर फिरणाऱ्या कुटुंबांचीही असेल. तिचे पेयही सर्वांना घेता येईल असेच हवे.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने एक सूचना मनापासून मांडतो. डर्बीच्या रविवारी महालक्ष्मीवर नाशिकचा पंच असावा, जुन्या पंचासारखा पाच जिनसांचाच. माडीच्या दारूऐवजी त्याच आठवड्यात तोडलेल्या द्राक्षांचा ताजा रस, त्यात लिंबू, साखर, पाणी आणि मसाल्याला वेलदोडा नि थोडी सुंठ. हा पेला लहान मुले, आजीबाई, दारू न पिणारे आणि पहाटेपासून उभे असलेले सईस, सगळ्यांना घेता येईल. ज्याच्याकडे परवाना आहे त्याने याच पेल्यात दिंडोरीची फेसाळ वाइन घालावी. पेल्यावर त्या वर्षीचे साल असावे. पुढच्या वर्षीच्या पेल्यावर आधीच्या विजेत्या घोड्याचे नावही यावे, म्हणजे घराघरांत तो जपला जाईल.

यासाठी क्लबची परवानगी, द्राक्ष बागायतदारांचा पुढाकार आणि आठवडाभर आधी ठरलेली एक गाडी पुरेशी आहे. शनिवारी पहाटे तोडलेला घड कसारा उतरून रात्रीपर्यंत मुंबईत पोहोचतो. रविवारी दुपारी रिंगणात घोडे फिरायला लागतील, तेव्हा पहिला पेला एखाद्या सईसाच्या हाती द्यावा. कवळाण्याच्या मुलाचे नाव मिरवत एक घोडा कधीकाळी इंग्लंडमध्ये जिंकला. आता आपल्या शिवारातला रस आपल्याच डर्बीला जावा, एवढीच इच्छा आहे.